जहाजांचा उस्ताद : जमशेटजी बोमनजी वाडिया

१८१० सालच्या नोव्हेंबर अखेरीस मॉरिशसच्या उत्तर किनाऱ्यासमोर इंग्रजांचे आरमार येऊन उभे राहिले. तीनच महिन्यांपूर्वी ग्रां पोरच्या लढाईत फ्रेंचांनी त्यांना चांगलेच झोडपले होते, म्हणून या वेळी ते हजारो शिपाई आणि मोठा ताफा घेऊन आले. २९ नोव्हेंबरला सैन्य ग्रां बेच्या बाजूला उतरले आणि ३ डिसेंबरला बेट इंग्रजांच्या हाती गेले. एवढे आपण सर्वांनी शाळेत वाचलेले आहे. शाळेच्या पुस्तकात जे नसते ते असे, की त्या ताफ्यातली काही लढाऊ जहाजे मुंबईच्या गोदीत, मलबारच्या सागवानातून बांधलेली होती. कॉर्नवॉलिस हे त्यांतले एक, डोरिस हे दुसरे. ती ज्यांच्या देखरेखीखाली तयार झाली ते जमशेटजी बोमनजी वाडिया, एका पारशी सुतार घराण्यातले.

बेट इंग्रजांचे झाले नसते, तर पुढे गुलामी उठल्यावर उसाच्या मळ्यांसाठी मजूर आणायला मळेवाल्यांनी कलकत्ता, मद्रास आणि मुंबई यांच्याकडे पाहिले असते का, हा प्रश्न आम्हांला नेहमी पडतो. १८३४ साली अॅटलस जहाजातून कलकत्त्याहून ३६ माणसे पोर्ट लुईला उतरली, आणि त्याच दशकात मुंबई बंदरातूनही माणसे येऊ लागली. रत्नागिरीकडची आणि कोकणच्या इतर भागांतली आपली माणसे अशीच आली. जहाजातून आलेल्यांविषयी या स्मरणिकेत पुष्कळ जणांनी लिहिले आहे. आम्ही जहाज बांधणाऱ्याविषयी लिहायचे ठरवले.

आम्ही मूळ मॉरिशसचे. पुष्कळ वर्षे प्राथमिक शाळेत मुलांना मराठी शिकवले. सध्या कुटुंबासह सौदी अरेबियात रास तनुराला असतो. इथे समुद्राकडे पाहिले की तेल भरून घेणारी अजस्र जहाजे दिसतात, आणि आमच्यातली चार-पाच हौशी माणसे सुट्टीच्या दिवशी लाकडाच्या पट्ट्या तासून जुन्या शिडाच्या जहाजाचा नमुना करत बसलेली असतात. तो नमुना जमशेटजींनी बांधलेल्या ट्रिंकोमाली या जहाजाचा आहे. त्याविषयी पुढे सांगतो. आधी माणूस समजून घेऊ.

वाडिया घराणे सुरतेचे. जमशेटजींचे आजोबा लवजी नसरवानजी यांचा जन्म १७०२ सालचा. सुरत तेव्हा जहाजबांधणीचे मोठे ठिकाण होते, आणि मुंबई त्या मानाने लहान. ईस्ट इंडिया कंपनीला मुंबईत स्वतःची गोदी हवी होती, म्हणून १७३६ मध्ये लवजी आपल्या हाताखालचे काही सुतार घेऊन मुंबईला आले. एका जागचे कसबी लोक उचलून दुसऱ्या जागी नेणे हे त्या काळी सर्रास चाले. फरक एवढाच की लवजींना मानाने बोलावले होते. १७५० मध्ये मुंबईत कोरडी गोदी तयार झाली. कोरडी गोदी म्हणजे दगडी बांधणीचा मोठा खड्डा. भरतीला जहाज आत घ्यायचे, दार बंद करायचे, पाणी काढून टाकायचे. मग जहाजाच्या तळाशी कोरड्या जमिनीवर उभे राहून काम करता येते. आशिया खंडात अशी सोय त्या वेळी दुसरीकडे नव्हती. त्यामुळे कोणत्याही इंग्रजी जहाजाला दुरुस्तीसाठी मुंबईला येणे भाग पडू लागले.

लवजी १७७४ मध्ये वारले. जन्मभर कंपनीचा एवढा पैसा हातांखालून गेला, पण मागे राहिले ते एक घर आणि वीस हजारांहून कमी रुपये. हा हिशेब त्यांच्या चरित्रकारांनी आवर्जून नोंदवला आहे, आणि आम्हांलाही तो आवर्जून सांगावासा वाटतो. त्यांच्यानंतर मुलगे माणेकजी आणि बोमनजी यांनी काम पाहिले. बोमनजींचे चिरंजीव जमशेटजी, जन्म १७५४ च्या सुमारास.

उस्तादाचा नातू म्हणून त्यांना खुर्ची मिळाली नाही. जमशेटजी आणि त्यांचे चुलत भाऊ फरामजी माणेकजी या दोघांना आजोबांनी साध्या सुतारांत बसवले. महिना बारा रुपये पगार. वाकस, करवत, पटाशी, गिरमीट, सगळे हातात घेऊन शिकायचे. (गिरमीट हा शब्द इथे भोक पाडायच्या अवजाराचा. फिजीत आणि नाताळात गिरमिट म्हणजे करार. त्या गिरमिटाचा आणि या गिरमीटाचा संबंध नाही, पण मुले हटकून विचारतात.) लाकूड कोणत्या बाजूने फाटेल, कोणते वाकेल, कोणते पाण्यात फुगेल, हे पुस्तकात वाचून येत नाही. जमशेटजी पुढे जे झाले ते या बारा रुपयांच्या वर्षांमुळे, असे आमचे मत आहे. १७९२ मध्ये काका माणेकजी गेल्यावर फरामजी आणि जमशेटजी दोघे मिळून मास्टर बिल्डर, म्हणजे गोदीचे मुख्य उस्ताद झाले. १८०४ मध्ये फरामजी वारले आणि कामाचा मुख्य भार जमशेटजींवर आला.

आता लाकडाविषयी थोडे. इंग्लंडमध्ये लढाऊ जहाजे ओक नावाच्या झाडाच्या लाकडाची बांधत. एका मोठ्या जहाजाला हजारोंनी झाडे लागत, आणि ओक वाढायला शंभर वर्षे लागतात. नेपोलियनशी युद्ध वर्षानुवर्षे चालले तेव्हा इंग्लंडला ओकची टंचाई भासू लागली. इकडे मलबारच्या जंगलात सागवान होते. सागवानात स्वतःचेच तेल असते. त्यामुळे ते सहज कुजत नाही, किडीला लवकर दाद देत नाही, आणि त्यात ठोकलेला लोखंडी खिळा गंजत नाही. ओकच्या लाकडातला आंबटपणा लोखंड खातो. समुद्रावर दहा-पंधरा वर्षे काढली की ओकची जहाजे मोठ्या दुरुस्तीला येत. सागवानाची त्यांच्या दुपटीहून जास्त टिकत.

हे सागवान मुंबईच्या झाडावर उगवत नव्हते. मलबारच्या डोंगरात झाड तोडायचे, हत्तींनी ओढत नदीपर्यंत न्यायचे, पुरात सोडायचे, किनाऱ्यावर गोळा करायचे आणि तिथून समुद्रमार्गे मुंबईला आणायचे. गोदीत ओंडके चिरणारे वेगळे, फळ्या तासणारे वेगळे, लोहार वेगळे, फळ्यांच्या फटींत कापूस-ताग ठोसून वर राळ भरणारे वेगळे, तांब्याचे पत्रे तळाला ठोकणारे वेगळे. दोरखंड वळणारे, शिडे शिवणारे तर आणखी निराळे. सुतारांत पारशी पुष्कळ होते, आणि ओझी वाहणाऱ्या, ओढणाऱ्या, चिरणाऱ्या मजुरांत आसपासच्या मुलखातली माणसे. त्यांची नावे आज मिळत नाहीत. आपल्या पूर्वजांना मॉरिशसला उतरल्यावर निदान एक क्रमांक तरी मिळाला. मोका येथील महात्मा गांधी संस्थेतल्या नोंदवह्यांत तो शोधता येतो, आणि पुढच्या काळातल्यांचे तर फोटोही सापडतात. गोदीतल्या मजुराला तेवढाही आधार नाही. जमशेटजींचे चरित्र सांगताना हे मनात ठेवलेले बरे, कारण एकट्या माणसाने कधी जहाज बांधले नाही.

पण जमशेटजींना तरी नाव सुखासुखी मिळाले का? १८०० साली त्यांनी कॉर्नवॉलिस हे जहाज पुरे केले. हेच ते, दहा वर्षांनी मॉरिशससमोर आलेले. कंपनीसाठी बांधले होते, पुढे आरमाराने विकत घेतले. त्याची एक हकिकत वाडिया घराण्याच्या इतिहासात सांगतात. जहाज पूर्ण झाल्यावर जमशेटजी एकटेच शेवटची नजर टाकायला आत फिरत होते. गोरे अधिकारी काळ्या माणसांविषयी जे हलके शब्द वापरत, ते त्यांच्या कानांवर रोजच पडत असणार. त्यांनी आतल्या एका तुळईवर, सहसा कोणाचे लक्ष जाणार नाही अशा जागी, त्याच हलक्या शब्दांत कोरून ठेवले की हे जहाज अशा एका काळ्या माणसाने बांधले आहे, आणि खाली साल घातले. कोणाला काही बोलले नाहीत. पुढे काही वर्षांनी जहाज दुरुस्तीसाठी मुंबईच्या गोदीत आले, सर्वांनी बांधणीची तारीफ केली, तेव्हा त्यांनी ती जागा दाखवली.

ही गोष्ट आम्ही वर्गात सांगतो तेव्हा मुले हसतात. मोठ्यांना सांगितली की कोणी हसत नाही. एस्टेटवर ज्यांच्या आजा-पणजांनी सरदारांच्या तोंडून तसलेच शब्द ऐकले, त्यांना ती कोरीव ओळ कळते. आम्हांला स्वतःला त्यात राग जितका दिसतो तितकाच कामाचा अभिमानही दिसतो. अपमानाचा शब्द घेतला आणि त्यालाच सही करून टाकली.

कॉर्नवॉलिसची मजबुती पाहूनच इंग्रजांच्या आरमार खात्याने मुंबईला जहाजे बांधायला द्यायचा विचार केला. आधी ठरत होते की कामावर इंग्लंडहून गोरा उस्ताद पाठवावा. मुंबईहून गेलेली माहिती आणि जमशेटजींचे आधीचे काम पाहून तो बेत सोडला आणि काम त्यांच्यावरच सोपवले. यात विशेष काय, असे आज कोणी विचारील. विशेष हे की ब्रिटनचे आरमार म्हणजे त्या राज्याचा कणा, आणि तो कणा घडवायला ब्रिटनबाहेरच्या, त्यातही इंग्लंड कधी न पाहिलेल्या माणसाच्या हातात दिला जात होता. टेम्स नदीवरच्या जहाजबांधणी करणाऱ्यांचा तर हिंदुस्थानात बांधलेल्या जहाजांवर डोळाच होता. तिकडची सागवानी जहाजे लंडनच्या बंदरात लागली की शत्रूचे आरमार आल्यासारखी ओरड होई.

१८०५ मध्ये पहिले लढाऊ जहाज पाण्यात गेले. त्याचे नाव पुढे साल्सेट झाले. साल्सेट म्हणजे आपली साष्टी. दुसरे १८०७ चे, तेच डोरिस. साल्सेटची परीक्षा लवकरच झाली. १८०८ च्या डिसेंबरात बाल्टिक समुद्रात व्यापारी जहाजांचा एक ताफा बर्फात अडकला. बर्फाच्या दाबाने कित्येक जहाजे मोडली, बुडाली. साल्सेट आठवड्यांमागून आठवडे बर्फात रुतून राहिले आणि तरी सुखरूप बाहेर आले. केरळच्या पावसात वाढलेले लाकूड बाल्टिकच्या बर्फात टिकले! १८१० मध्ये याच जहाजावरून कवी बायरन तुर्कस्तानच्या बाजूला गेला होता, आणि जहाज नांगरलेले असताना त्याने तिथली सामुद्रधुनी पोहून पार केली. इंग्रजी कवितेच्या पुस्तकात हे वाचलेल्यांना जहाज कोठले ते ठाऊक नसते.

१८१० च्या जून महिन्यात मिन्डेन पाण्यात उतरले. ७४ तोफांचे. एवढे मोठे लढाऊ जहाज ब्रिटनच्या आरमारासाठी ब्रिटनबाहेर बांधले गेले ते हे पहिलेच. त्यासाठी मुंबईत डंकन गोदी नव्याने बांधून घेतली होती. ग्रिनिचच्या संग्रहात जमशेटजींचे एक चित्र आहे. पांढरा अंगरखा, पारशी पगडी, हातात आराखडा, कमरेला कंपनीने दिलेली चांदीची मोजपट्टी, आणि मागे मिन्डेन. मिन्डेनविषयी मुंबईत एक गोष्ट फार ऐकू येते, की अमेरिकेचे राष्ट्रगीत त्याच जहाजावर लिहिले गेले. तिकडचे इतिहासकार मात्र त्या कवीला तहाचा बावटा लावलेल्या एका लहान गलबतावर बसवतात. जमशेटजींचे मोठेपण सांगायला या गोष्टीची गरज नाही, तेव्हा आम्ही ती सोडून देतो.

मिन्डेननंतर कामाला उसंत राहिली नाही. १८१३ मध्ये ७४ तोफांचे दुसरे कॉर्नवॉलिस, १८१५ मध्ये वेलस्ली, १८१७ मध्ये मेलव्हिल, आणि त्याच वर्षी ट्रिंकोमाली.

ट्रिंकोमाली हे मोठ्या जहाजांच्या मानाने मधल्या आकाराचे, फ्रिगेट जातीचे. लांबी सुमारे दीडशे फूट, रुंदी चाळीस. नाव सिलोनच्या बंदरावरून. त्याचा हुकूम १८१२ मध्ये निघाला, पण आराखडे घेऊन येणारे जावा नावाचे इंग्रजी जहाज ब्राझीलजवळ अमेरिकनांनी पकडले आणि कागद गेले. नवे आराखडे येईपर्यंत वेळ गेला. तोवर नेपोलियनचे युद्धही संपले. १८१६ मध्ये काम सुरू झाले तेव्हा पारशी रीतीप्रमाणे तळाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकण्याचा विधी झाला. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जहाज पाण्यावर सोडले. पुढच्या वर्षी ते इंग्लंडकडे निघाले. १८१९ च्या जानेवारीत सेंट हेलेना बेटावर थांबले, जिथे नेपोलियन कैदेत होता. ज्याच्याशी लढायला हे जहाज मागवले त्याच्या दारावरून ते गेले, एवढाच त्यांचा संबंध. एप्रिलअखेर पोर्ट्समथला पोहोचले, आणि तिथे शिडे, डोलकाठ्या उतरवून, वरून छप्पर घालून पंचवीसएक वर्षे नुसते बांधून ठेवले.

आमच्या इथली हौशी मंडळी याच जहाजाचा नमुना करत आहेत, आपल्या शताब्दीच्या प्रदर्शनात ठेवायला. शंभरास एक असे प्रमाण धरले आहे, म्हणजे दीडशे फुटांचे दीड फूट. हिशेब सोपा म्हणून मुलांनाही मोजमापात घेतले. जगभर असे नमुने करणारे हौशी लोक आहेत. ट्रिंकोमालीवर त्यांचे विशेष प्रेम, कारण मूळ जहाज अजून आहे आणि शंका आली तर खऱ्या जहाजाशी ताडून पाहता येते. त्याच आराखड्याचे एक भावंड, युनिकॉर्न, स्कॉटलंडमध्ये डंडी येथे आहे. ते १८२४ चे, इंग्लंडमध्ये बांधलेले. दोघांचे फोटो शेजारी ठेवून आमचे लोक तासन् तास वाद घालतात.

नमुना करायला बसल्यावरच कळते की जहाजात सरळ लाकूड जवळजवळ नसतेच. तळापासून वरपर्यंत सगळे वळणाचे. आमचे लोक मोडक्या पेटीच्या सागवानी पट्ट्या गरम पाण्यात भिजवून बोटांनी वाकवतात, तरी दहातल्या तीन तुटतात. जमशेटजींच्या सुतारांसमोर वीतभर जाडीच्या तुळया होत्या. अशा वेळी मुळातच वाकडे वाढलेले झाड जंगलात शोधून त्याचा वाक जसाच्या तसा वापरावा लागे. डोलकाठ्यांचे दोर लावताना तर एकाची नजर इतकी शिणली की महिनाभर काम थांबले. चांदीच्या खिळ्याचे ऐकल्यावर एका आजींनी आपल्या जुन्या जोडव्याचा तुकडा काढून दिला. तो तळाच्या कण्यात बसवला आहे. मंडळींनी आणखी एक केले. वरची फळी बसवण्याआधी ज्यांच्या घरी पूर्वजांचा क्रमांक ठाऊक होता त्यांनी तो आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिला. आता तो दिसत नाही.

रास तनुराला बसून हे का, असे आम्हांला विचारतात. रास म्हणजे भूशीर, आणि तनूर म्हणजे आपला तंदूर, असा या नावाचा अर्थ इथे सांगतात. उन्हाळ्यात तो पटतोही. १ मे १९३९ रोजी इथून तेलाचे पहिले जहाज भरून गेले. पण त्याआधी शेकडो वर्षे या किनाऱ्याचा आणि आपल्या किनाऱ्याचा व्यवहार होता. समोरच्या तारूत बेटावरचे दारीन हे मोत्यांचे बंदर. इथले मोती मुंबईच्या बाजारात विकले जात, आणि मोती काढायच्या होड्यांना सागवान मलबारहून येई. म्हणजे ज्या जंगलातून जमशेटजींच्या गोदीला लाकूड जाई तिथूनच अरबांच्या गलबतांनाही. १८२० नंतर मुंबईच्या कंपनी आरमाराने या साऱ्या आखाताची मोजणी करून नकाशे तयार केले. वाळूचे दांडे कुठे, पाणी किती खोल, हे पहिल्यांदा व्यवस्थित कागदावर आले ते मुंबईहून निघालेल्या जहाजांवरून. त्यांची देखभाल अर्थातच वाडियांच्या गोदीत होत असे. तेव्हा आम्ही फारसे परक्या जागी बसलेलो नाही.

जमशेटजींची जहाजे पुढे जिथे जिथे गेली ते सगळेच अभिमानाने सांगण्यासारखे नाही. १८१३ चे कॉर्नवॉलिस चीनशी झालेल्या अफूच्या युद्धात होते. २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह त्याच जहाजावर झाला आणि हाँगकाँग इंग्रजांना मिळाले. वेलस्लीने १८३९ मध्ये कराची घेतली. आणि मॉरिशसचे आम्ही सुरुवातीलाच सांगितले. चांगले काम करणाऱ्या माणसाच्या हातची वस्तू पुढे कोण कशासाठी वापरील यावर त्याचा ताबा नसतो, असे म्हणून सुटता येते. पण ती लढाऊ जहाजे होती आणि लढायलाच मागवली होती, हे जमशेटजींना ठाऊक होते. ते कंपनीचे नोकर होते, त्यांना मानमरातब मिळाले, घराणे श्रीमंत झाले. आपण मुलांना त्यांची गोष्ट सांगताना दोन्ही बाजू सांगाव्यात, असे आम्हांला वाटते. वेलस्लीचा शेवट मात्र विलक्षण झाला. मुंबईत १८१५ मध्ये बांधलेले हे जहाज सव्वाशे वर्षे टिकले आणि दुसऱ्या महायुद्धात, १९४० च्या सप्टेंबरात, टेम्स नदीवर जर्मन विमानांच्या हल्ल्यात बुडाले.

जमशेटजी १८२१ च्या ऑगस्टात मुंबईत वारले. त्या वेळी गोदीत गँजेस हे ८४ तोफांचे जहाज अर्धवट उभे होते. नोव्हेंबरात ते पाण्यात गेले तेव्हा त्यांचे चिरंजीव नवरोजी उस्ताद झाले होते. नवरोजींनी पुढे एशिया बांधले. घरातल्या पुढच्या पिढीतल्या दोघांनी १८३८ मध्ये इंग्लंडला जाऊन तिकडच्या गोद्यांत शिक्षण घेतले आणि प्रवासाचे पुस्तकही लिहिले. अर्देशीर खरशेटजी वाफेच्या यंत्रांकडे वळले आणि १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद झाले, तो मान मिळवणारे पहिले हिंदी. पण तोवर वाफ आणि लोखंड आले होते. सागवानी शिडाच्या जहाजांचे दिवस भरले. आपल्या पूर्वजांतले पुष्कळ जण त्या शेवटच्या शिडाच्या दिवसांतच समुद्र ओलांडून आले.

ट्रिंकोमाली मात्र उरले. १८४७ पासून अमेरिकेच्या बाजूला आणि मग पॅसिफिक महासागरात फिरून १८५७ मध्ये परत आले, आणि नंतर मुलांना खलाशी शिकवायची शाळा म्हणून उभे राहिले. १८९७ मध्ये ते मोडीत विकले गेले. भंगारवाल्याच्या हातून ते व्हीटली कॉब नावाच्या एका गृहस्थाने सोडवले, कारण त्याचे फुद्रोयां नावाचे शाळेचे जहाज ब्लॅकपूलजवळ वादळात फुटले होते. त्याने ट्रिंकोमालीलाच ते नाव दिले आणि पुन्हा मुलांची शाळा भरवली. ती १९८६ पर्यंत चालली. जहाज शाळा म्हणून इतकी वर्षे जगले, हे आम्हां शिक्षकांना अंमळ जास्तच आवडते. त्यानंतर ते मोठ्या तराफ्यावर चढवून इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूलला नेले. तिथे डागडुजी १९९० मध्ये सुरू होऊन २००१ पर्यंत चालली. त्या बंदरातले जहाजकाम तेव्हा बंद पडत चालले होते, आणि बेकार झालेल्या कसबी कामगारांच्या हातांना या कामाने उपयोग मिळाला. १९९२ मध्ये जहाजाला जुने नाव परत दिले. मूळ मुंबईचे सागवान अजून पुष्कळ शाबूत आहे. आज पाण्यावर तरंगत असलेले ते सर्वांत जुने ब्रिटिश लढाऊ जहाज आहे. व्हिक्टरी त्याहून जुने, पण ते कोरड्या गोदीत उभे आहे.

आपली मुले शिकायला इंग्लंडला जातात. न्यूकॅसल किंवा डरहमला कोणी असेल तर हार्टलपूल तिथून फार लांब नाही. जहाजावर तिकीट काढून चढता येते, आणि तिथले स्वयंसेवक सगळे दाखवतात. नाळेवर पागोटे घातलेल्या माणसाचा रंगीत पुतळा आहे, तो आधी बघावा. मग खालच्या मजल्यावर उतरावे. तिथे उंच माणसाला वाकूनच चालावे लागते, म्हणून डोके सांभाळावे.